एकाच बोटीतले चौघे: मनाला झालेल्या जखमेची भरपाई कुणाला मिळते?

समजा, ऑगस्ट महिना आहे आणि कोल्हापुरात पंचगंगा पात्राबाहेर पसरलीय. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची खूण कालच बुडाली. रात्री अकराच्या सुमाराला चिखलीकडून फोन येतो, भिंत खचलीय, आत माणसं आहेत. रबरी बोटीत चौघे बसतात. महापालिकेच्या अग्निशमन दलातला फायरमन, पोलीस ठाण्यातला हवालदार, १०८ च्या गाडीचा पायलट (तिथे ड्रायव्हरला पायलटच म्हणतात) आणि पेठेतल्या तालमीचा एक पट्टीचा पोहणारा पोरगा. पायलटनं खरं तर काठावर गाडीजवळ थांबायचं असतं. हात कमी पडतात म्हणून तोही चढतो.

घरातली दोन माणसं वाचतात. तिसरं एक लहान मूल असतं. ते चौघांनी मिळून बाहेर काढलेलं असतं, आणि ते गेलेलं असतं.

चार महिन्यांनी या चौघांपैकी कुणालाच धड झोप लागत नाही. फायरमन स्वतःच्या पोराला उचलून घेत नाही. हवालदार रंकाळा तलावाकडून जाणं टाळतो, पाणी दिसलं की घाम फुटतो. पायलट स्टिअरिंगवर बसला की हात थरथरतात. तालमीतला पोरगा तालमीतच येईनासा झालाय. घरातले, गल्लीतले आपापल्या परीनं औषध सांगतात. "काय हुत न्हाई रं, दोन दिस गावाकडं जाऊन ये." "ज्योतिबाला जाऊन ये." कुणी म्हणतं, भिलंय पोरगं, उतारा टाका.

आता प्रश्न असा. त्या बोटीत एखाद्याचा पाय मोडला असता, तर भरपाई मागता येते हे आपल्याकडे चहाच्या टपरीवरही ठाऊक आहे. मोडलंय ते मन, तर काय? बोट एक, रात्र एक, मूल एक, तरी उत्तरं चार निघतात. कारण यातले तिघे तीन वेगवेगळ्या कायद्यांच्या छपराखाली राहतात, आणि चौथ्याच्या डोक्यावर तर छप्परच नाही.

ही माणसं मी कल्पनेतली घेतलीत. प्रसंग मात्र कोल्हापूरला नवा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री शिवाजी पुलावरून मिनीबस नदीत कोसळली आणि १३ जण गेले. त्या अंधारात पाण्यात उतरलेली माणसं होतीच की. मेलेल्यांची मोजदाद होते. बाहेर काढणाऱ्यांचं पुढं काय झालं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं याचा रकानाच नसतो.

आधी आजाराबद्दल, थोडक्यात

पीटीएसडी हे नाव आता बऱ्याच जणांच्या कानावरून गेलंय. मराठीत त्याला आघातोत्तर ताण विकार म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८० मध्ये आजारांच्या अधिकृत यादीत तो घातला. चार गोष्टी एकत्र दिसतात. तो प्रसंग नको असताना पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं येणं. त्याची आठवण देणारी जागा, माणूस, वास टाळणं. मन बधिर होणं किंवा सगळं माझ्यामुळेच झालं असं वाटत राहणं. आणि सतत दचकून असणं, रागावर ताबा न राहणं, झोप उडणं. पहिल्या काही दिवसांत हे कुणालाही होतं, तो आजार नव्हे. महिना उलटला तरी टिकलं आणि काम, संसार बिघडवू लागलं, तर डॉक्टर हे निदान करतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं २०१३ ची सुधारित यादी महत्त्वाची. त्यात स्पष्ट लिहिलंय की स्वतःवर प्रसंग ओढवला नसला तरी कामाचा भाग म्हणून अशा भीषण गोष्टींना वारंवार तोंड देणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. आणि उदाहरण दिलंय ते मृतदेहांचे अवशेष गोळा करणाऱ्या बचाव कर्मचाऱ्यांचंच. म्हणजे "तुला कुठं काय झालंय, तू तर वाचवायला गेलतास" हे वाक्य वैद्यकशास्त्रानं निकालात काढलंय. आणखी एक खोच आहे. काहींच्या बाबतीत पूर्ण आजार सहा महिन्यांनंतर दिसायला लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं हीच अडचण करणार आहे.

कायद्याला तारीख लागते

आपल्याकडचा मूळ कायदा १९२३ चा, कामगार नुकसानभरपाईचा. २००९ च्या दुरुस्तीत 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा विषय तिच्या एका प्रकरणात गेला. आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी आले, घरून कामावर जाता-येताना झालेल्या अपघाताचीही दखल आली. पण सांगाडा तोच आहे, आणि आजवरचे निकाल जुन्या कायद्यावरचे आहेत, म्हणून मी समजावताना जुनाच धरतो.

त्याचं कलम ३ म्हणतं: कामातून उद्भवलेल्या आणि काम चालू असताना झालेल्या अपघातानं कर्मचाऱ्याला व्यक्तिगत इजा झाली, तर मालक भरपाई देईल. यात मालकाची चूक सिद्ध करायची नसते. अपघात, इजा आणि काम या तिघांची गाठ दाखवायची, बस्स.

वाक्य पुन्हा वाचा. 'व्यक्तिगत इजा' म्हटलंय, 'शारीरिक इजा' म्हटलेलं नाही. हे शब्द आपल्या संसदेनं घडवलेले नाहीत, ते १८९७ च्या ब्रिटिश कायद्यातून जसेच्या तसे उचललेले आहेत. आणि तिथे १९१० साली एक खटला झाला होता. कोळशाच्या खाणीतल्या एका कामगारानं सोबत्याची किंकाळी ऐकली, धावत गेला, रक्तबंबाळ माणसाला उचलून बाहेर काढलं. याला स्वतःला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण त्या धक्क्यानं तो पुन्हा काम करण्याच्या अवस्थेत राहिला नाही. कोर्टानं सांगितलं, मनाला बसलेला धक्का हीसुद्धा अपघातानं झालेली इजाच, भरपाई द्या. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा हा कामगार आपल्या बोटीतल्या फायरमनचा थेट पूर्वज म्हणायला हरकत नाही. इंग्लंडचा निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नसतो, वाट दाखवण्यापुरता असतो. पण वाट आहे.

अडतं ते पुढच्या दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे कायद्याची तिसरी अनुसूची. व्यवसायामुळे होणाऱ्या आजारांची यादी. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, दवाखान्यात काम करताना लागणारे संसर्ग, असं बरंच काही तिच्यात आहे. यादीतला आजार यादीतल्या कामात झाला की तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. या यादीत मानसिक आजार एकही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१० मध्ये आपली यादी सुधारली तेव्हा पीटीएसडी नाव घेऊन घातला. आपण नाही. सरकारला अधिसूचना काढून भर घालता येते, तीन महिन्यांची आगाऊ सूचना देऊन. त्यासाठी नवा कायदाही करावा लागत नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

दुसरं ठिकाण कलम ३ चं चौथं पोटकलम. यादीबाहेरचा आजार असेल तर तो 'विशिष्ट अपघातानं झालेल्या इजेतून थेट' आलेला असला पाहिजे. म्हणजे तारीख पाहिजे, वेळ पाहिजे, जागा पाहिजे. एका रात्रीच्या बोटीचं एक वेळ सांगता येईल. पण वीस वर्षं अपघातातली माणसं पत्रा कापून काढणाऱ्या फायरमनला विचारा, कुठल्या दिवशी मोडलास? त्याला काय सांगता येणार? भांडं कुठल्या थेंबानं भरलं ते थेंबाला माहीत नसतं. आपला कायदा थेंबाची तारीख मागतो.

तीन खण

जगभरचे भरपाईचे वकील मानसिक इजेचे दावे तीन खणांत टाकतात. पहिल्यात आधी शरीराला मार आणि त्यातून मनाला: पाय तुटला, मग नैराश्य आलं. हे मान्य व्हायला सगळ्यात सोपं. दुसऱ्यात ताण मनावर, फटका शरीराला: कामाच्या ताणानं हार्ट अटॅक. तिसऱ्यात मनावर घाव आणि मनालाच जखम, शरीरावर ओरखडा नाही. आपले चौघे तिसऱ्या खणात आहेत, आणि सगळ्यात घट्ट बसलेला खण हाच.

दुसऱ्या खणाबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २००६ मध्ये एका गाडीवरच्या तरुण क्लीनरच्या मृत्यूचं प्रकरण होतं, कामावर असताना हृदयविकार. कोर्ट म्हणालं, कामावर असताना अटॅक आला एवढ्यानं अपघात ठरत नाही, कामाचा ताण आणि मृत्यू यांचा धागा दाखवा. धागा दाखवता आला नाही, दावा गेला. २०१२ मध्ये ट्रक ड्रायव्हरचं प्रकरण आलं. दिल्लीहून झारखंडमधल्या निमियाघाटपर्यंत ११५२ किलोमीटर गाडी हाकत गेला, तिथे अस्वस्थ वाटलं म्हणून गाडी बाजूला घेतली आणि गेला. कोर्टानं भरपाई दिली. फरक काय? किलोमीटर. कामाचा ताण आकड्यात दिसत होता. एकाच्या कागदावर ताण होता, दुसऱ्याच्या नव्हता.

बरोबरीची कुस्ती

आता बाहेरच्या देशांत काय झालं ते सांगतो, कारण तिथली युक्ती समजली की आपल्याकडचं कोडं उलगडतं.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतानं २०१२ मध्ये आणि ओंटारिओनं २०१६ मध्ये कायद्यात एक वाक्य घातलं. पोलीस, फायरमन, पॅरामेडिक यांना मानसतज्ज्ञानं पीटीएसडी असल्याचं सांगितलं, तर तो नोकरीमुळे झाला असं गृहीत धरायचं. नाही म्हणणाऱ्यानं उलट सिद्ध करावं. ओंटारिओनं यात तुरुंग कर्मचारी आणि फोन घेऊन गाड्या पाठवणारे ऑपरेटरही घेतले. कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२० पासून असंच केलं, मात्र साधारणपणे सहा महिन्यांची नोकरी झालेली असावी अशी अट घालून.

या 'गृहीत धरण्या'त एवढं काय आहे? कोल्हापूरकराला कुस्तीवरून लगेच कळेल. खासबागेत दोन तुल्यबळ पैलवान अर्धा तास झुंजतात, कुणाचीच पाठ लागत नाही, पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. कोर्टात बरोबरी नसते. दोन्हीकडचे पुरावे सारखे पडले तर निकाल कुणाच्या तरी बाजूनं द्यावाच लागतो, आणि कुणाच्या ते आधीच ठरलेलं असतं. ज्याच्यावर सिद्ध करायचं ओझं, तो हरला. मनाच्या दाव्यात कुस्ती जवळजवळ नेहमी बरोबरीतच सुटते. डॉक्टर म्हणतो पुरामुळे, समोरचा वकील म्हणतो घरात भावकीची वाटणी चाललीय त्यामुळे. दोन्ही खरं असू शकतं. अशा वेळी बरोबरी कामगाराच्या बाजूनं धरायची, एवढंच ते एक वाक्य सांगतं.

फ्लोरिडानं वेगळी वाट धरली. तिथे शरीराला इजा नसेल तर मानसिक आजारात बुडालेल्या पगाराची भरपाईच नव्हती. २०१८ मध्ये पोलीस, फायरमन, पॅरामेडिकपुरती ती भिंत पाडली, पण प्रसंगांची ठरावीक यादी दिली. मृत बालक प्रत्यक्ष पाहणं हा त्या यादीतला एक प्रसंग. आपली बोट तिथे असती तर पहिल्याच ओळीत बसली असती. यादी आली म्हणजे यादीबाहेरचे बाहेर राहिले, हा तिचा दोष उघड आहे.

आणि हे सगळं परदेशी आहे, आपल्याकडे असलं काही नसतं, असं म्हणणाऱ्यांसाठी: आपल्याकडे आहे, फौजेत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फिट येऊ लागलेल्या एका सैनिकाच्या अपंगत्व पेन्शनच्या खटल्यात स्पष्ट केलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो तंदुरुस्त होता असं धरायचं, आणि नंतरचा बिघाड नोकरीमुळे नाही हे सिद्ध करायचं ओझं सैनिकावर नाही. गडहिंग्लज, चंदगडकडं घराघरात फौजी आहेत, तिथल्या माजी सैनिकांना हा निकाल तोंडपाठ असतो. बंबावरच्या माणसाला मात्र असं गृहीत कुणी दिलेलं नाही.

मग आपल्या चौघांचं काय?

फायरमन. जुन्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अग्निशमन दलाच्या सेवेतला माणूस नाव घेऊन आहे. म्हणजे दार उघडं आहे. बोटीची रात्र हा 'अपघात', मनाची मोड ही 'इजा', अशी मांडणी करता येते. पैसे किती? तात्पुरतं अपंगत्व असेल तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के. कायमचं असेल तर वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक. गंमत अशी की हिशेबाला धरायचं वेतन २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० रुपये. पगार चाळीस हजार असला तरी हिशेब पंधरावर. वय ३५ असेल तर गुणांक १९७.०६. पंधरा हजारांचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले १९७.०६, म्हणजे १७,७३,५४० रुपये. हे कमाईची ताकद शंभर टक्के गेली तर. डॉक्टरनं ३० टक्के गेली म्हटलं तर त्याच्या ३० टक्के, ५,३२,०६२.

हा टक्का कोण ठरवतो? हाताचं बोट तुटलं तर पहिल्या अनुसूचीत छापील आकडा आहे. मन मोडलं तर नाही. तिथे डॉक्टरनं दिलेला टक्काच सगळं ठरवतो, म्हणून 'अशक्तपणा आहे, विश्रांतीचा सल्ला' असलं सर्टिफिकेट इथे कामाचं नाही.

दारूबद्दलही इथेच बोलून घेऊ. झोप येत नाही म्हणून पुष्कळ जण बाटलीकडं वळतात, आणि समोरचा वकील पहिलं तेच काढतो. कायद्यातली सूट फक्त अपघाताच्या क्षणी माणूस नशेत असेल आणि इजा त्यामुळेच झाली असेल तर मालकाला मिळते. पुरानंतर तीन महिन्यांनी पिऊ लागला, हा बचाव नव्हे. डॉक्टरच्या नजरेत ते बऱ्याचदा आजाराचंच लक्षण असतं.

पायलट. हा ठेकेदाराचा माणूस. पगार २१,००० च्या आत असेल आणि आस्थापना ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली असेल, तर तो भरपाईच्या कायद्यात जाऊच शकत नाही, त्याला ईएसआयकडंच जावं लागतं. तिथे कामातली इजा मान्य झाली तर तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के मिळतात. नुसतं आजारपण मानलं तर ७० टक्के, आणि वर्षात ९१ दिवसच. दीर्घ आजारांच्या यादीत सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) आहे, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. पण पीटीएसडी म्हणजे सायकोसिस नव्हे, तेव्हा त्या यादीच्या भरवशावर राहू नये. ईएसआय नसेल तर भरपाईचा कायदा लागतो, आणि तिथे कलम १२ कामाला येतं: ठेकेदारानं हात वर केले तरी ज्याचं काम चाललंय त्या मूळ मालकाकडं मागता येतं. पायलटला आणखी एक प्रश्न हमखास विचारला जाईल. तू गाडीवरचा, बोटीत काय करत होतास? त्याचं उत्तर त्या रात्रीच्या कंट्रोल रूमच्या फोनमध्ये आहे, कुणी बोलावलं, कुणी चढ म्हणालं, त्यात.

हवालदार. याला यातलं काहीच नाही, तो सेवानियमांवर. ड्यूटीमुळे अपंगत्व आलं तर विशेष विकलांगता रजा आहे, चोवीस महिन्यांपर्यंत. पण अपंगत्व प्रसंगापासून तीन महिन्यांत दिसलं पाहिजे आणि त्यानं ते वेळेवर कळवलं पाहिजे. आणि मघाशी काय म्हणालो? काहींना हा आजार सहा महिन्यांनी दिसतो. उशीर का झाला याचं समाधान वरिष्ठांना पटवून द्यावं लागतं, म्हणजे पुन्हा कागद. हवालदाराच्या बाजूचा खरा भक्कम कायदा दुसराच आहे, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा, २०१६ चा. त्यातल्या २१ अपंगत्वांमध्ये मानसिक आजार आहे. कलम २० म्हणतं, नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेनं कुणाला काढायचं नाही, खाली उतरवायचं नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्या, जागा नसेल तर जादा पद तयार करा. प्रमाणपत्रासाठी 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाजू तपासून टक्का काढतात. बंदोबस्तावरून काढून बिनतारी संदेश विभागात बसवा असं मागण्यात लाज काहीच नाही, तो हक्क आहे.

तालमीतला पोरगा. याच्याबद्दल लिहायला फार नाही, दुर्दैवानं. मालक नाही म्हणून भरपाईचा कायदा नाही. आपत्ती निवारण निधीच्या निकषांत मदतकार्यात मृत्यू झाला तर चार लाख आहेत. अपंगत्वाची मदत ४० ते ६० टक्क्यांना ७४,००० आणि त्यावर अडीच लाख, पण शीर्षकच 'अवयव किंवा डोळे गमावल्यास' असं आहे. मन अवयवात मोजत नाहीत. त्याच्याकडं स्वतःचा आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ उपयोगी पडतं: शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला द्यायला विमा कंपनी बांधील आहे. तो उपचाराचा खर्च झाला, भरपाई नव्हे. पण क्लेम नाकारला तर ते कलम लिहून पाठवा.

कागद कधी करायचा

जुन्या कायद्यात दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा, आणि मालकाला सूचना शक्य तितक्या लवकर द्यायची. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळते. आजवर कोल्हापुरात कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच भरपाई आयुक्त म्हणून हे दावे ऐकत आलेत. त्यावरचं अपील उच्च न्यायालयात जातं, आणि मालकाला अपील करायचं तर भरपाईची रक्कम आधी जमा करावी लागते. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच इथेच बसतंय, भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयाच्या समोर.

अग्निशमन दलात आगीचा किंवा बचावाचा फोन आला की त्याला वर्दी म्हणतात, आणि प्रत्येक वर्दीची नोंद होते. गाडी किती वाजता निघाली, बरोबर कोण, किती वाजता परतली. पोलिसांत स्टेशन डायरी असते, १०८ च्या गाडीवर केस शीट असते. या नोंदी आग आणि मढी मोजण्यासाठी असतात, पण मनाच्या दाव्यात तारखेचा पहिला पुरावा त्याच ठरतात. म्हणून बाहेर काढलेल्यांत लहान मूल होतं, मी स्वतः उचललं, एवढी एक ओळ परतल्यावर तिथेच घालून ठेवली तर काही बिघडत नाही. नोंदीची प्रत माहिती अधिकारात मागता येते. दोन वर्षांनी आठवणीवर बोलण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

पुष्कळांची भीती वेगळी असते: वेडाचा शिक्का बसेल, बढती जाईल, मुलीच्या लग्नात कुणी विषय काढील. ती खोटी नाही. सुरुवात घरात बसून फोनवरही करता येते, टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, चोवीस तास, मराठीतही, नाव न सांगता. पण दावा करायचा असेल तर फोन पुरत नाही, केसपेपर लागतो.

आणि केसपेपर काढताना एक चूक जवळजवळ सगळेच करतात. मानसोपचार ओपीडीत डॉक्टर विचारतात, काय त्रास? माणूस म्हणतो, झोप येत नाही, चिडचिड होते. डॉक्टर तेवढंच लिहितात, मागं चाळीस पेशंट थांबलेले असतात. नोकरी कुठली, कुठल्या रात्रीपासून, त्या रात्री काय उचललं, हे त्यानं सांगितलेलंच नसतं, कारण ते सांगायला जीभ उचलत नाही. बरोबर बायकोला किंवा स्टेशनवरच्या सोबत्याला न्या, त्याला बोलू द्या. "साहेब, हा फायरमन आहे, चिखलीच्या वर्दीवर होता, तवापासनं असं हाय." डॉक्टरनं ही ओळ तारखेसह लिहून घेतली की नाही, ते खिडकीपासून लांब जाण्याआधी वाचून बघा.